शिवलकरांबरोबर कोण आलंय?

माझं गुडघ्याचं दुखणं असतं तर आमची अख्खी सोसायटी हॉस्पिटलात आली असती. खालच्या शहाभाईंनी गाडी काढली असती, समोरच्या बाईंनी थर्मास भरून चहा दिला असता, आणि ज्यांना वर्षभर माझं आडनाव आठवत नाही तेही 'अंकल, कुछ लगे तो बोलो' म्हणून गेले असते. हृदयाचं असतं तर विचारूच नका, हृदयाला आपल्याकडे फार मान. पण माझं दुखणं निघालं आतड्याचं आणि तपासणी निघाली कोलोनोस्कोपी. ती काय असते असं कोणी विचारलं की नळी कुठून घालतात ते सांगावं लागतं. म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही.

मी उदय शिवलकर. मूळचा संगमेश्वरकडचा, राहायला भाईंदरला, इंद्रलोकमध्ये. इथल्याच स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात पॉलिश खात्यात सुपरवायझर होतो, आता घरी असतो. बायको, सुलू, तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. गावाकडे भाऊबंद आहेत, पण ते गणपतीत आणि मयताला भेटणारे. मधल्या काळात आमचं एकमेकांवाचून उत्तम चालतं. निदान त्यांचं तरी चालतं.

तर झालं असं, की मला दम लागायला लागला. लिफ्ट बंद पडली की मी मधल्या मजल्यावर थांबून लोकांच्या दाराबाहेरच्या चपला बघत उभा राहायचो. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खाली गेलेलं. शौच तपासलं तर त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मीरा रोडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. आदल्या संध्याकाळी ते खारट-लिंबू चवीचं जुलाबाचं औषध भांडंभर प्यायलो. एकटं राहण्याचा एक फायदा तेव्हा कळला, संडासासाठी वाट बघावी लागत नाही. सकाळी धडपडत पोचलो, तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "अंकल, साथ में कौन है?"

"कोणी नाही."

"फिर नहीं होगा अंकल. इंजेक्शन देकर सुलाते हैं ना. बाद में घर कौन लेके जाएगा?"

रिक्षा नेईल, मी म्हटलं. ती हसली, आणि मागच्या माणसाला पुढे घेतलं. रिकाम्या पोटाने आणि रिकाम्या हाताने मी घरी आलो. त्या दिवशी मी रडलो, उगाच कशाला लपवू. आजारासाठी नाही. एवढ्या मोठ्या वस्तीत, जिथे भाजी घ्यायला उतरलं तरी दहा धक्के लागतात, तिथे सकाळच्या दोन तासांसाठी मागावं असं एक माणूस मला सुचेना, म्हणून रडलो.

दुसऱ्या खेपेला मी पुतण्या तयार ठेवला. त्याचं नाव साईराज. आमच्या चौकात एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर लागला होता, त्यावरून उचललं. "पुतण्या साईराज येतोय, काशिमीऱ्याला ट्रॅफिकमध्ये अडकलाय," असं काउंटरवर ठोकून दिलं. आमच्या या गावात ही सबब कोणी तपासत नाही. मुलीने मान हलवली आणि मला आत सोडलं. मला एवढंच ठाऊक होतं, की आज परत पाठवलं तर तिसऱ्यांदा मी यायचो नाही. जे काय आत वाढत असेल ते सुखाने वाढू दे, म्हणून घरीच बसलो असतो.

आतल्या खोलीत वैजयंता सिस्टर होत्या, साधारण माझ्याच वयाच्या, आणि एक तरुण डॉक्टर. कोटावर नाव होतं, डॉ. संघप्रिया सोनकांबळे. मला मागून उघडा असलेला तो झगा घातला होता. तो ज्याने शिवला त्याने स्वतः कधी घातला नसावा. सिस्टरांनी इंजेक्शन भरलं आणि म्हणाल्या, "पुतण्याला बोलवा आत. त्याची सही घेतल्याशिवाय मी टोचत नाही."

"येईल तो. तोवर इंजेक्शनशिवाय चालू करा ना," मी म्हटलं.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "काका, दुखेल. काही लोक करतात तसं, पण दुखतं."

"दुखू द्या."

"त्यांना यायला फार उशीर आहे का?"

"काशिमीरा आहे मॅडम."

सिस्टर म्हणाल्या, "बाहेर लाइन लागलीय, डॉक्टर." मग डॉक्टरांनी जरा विचार केला. "ठीक आहे. पण सहन नाही झालं तर मी थांबवणार. मग पुतण्या आल्याशिवाय पुन्हा सुरू करणार नाही." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, उदयराव, आता जीव गेला तरी तोंडातून आवाज काढायचा नाही.

डाव्या कुशीवर झोपवलं. समोर मोठा टीव्ही होता. इंजेक्शन घेतलेल्यांना हा सिनेमा झोपेत जातो, मला तो पूर्ण दिसत होता. नळीच्या टोकाला दिवा असतो, त्या उजेडात माझं आतडं पुढे पुढे सरकत होतं. गुलाबी, ओलं, वळ्या पडलेलं. ज्या पोटाला जन्मभर शिव्या दिल्या ते आतून इतकं नीटस असेल असं वाटलं नव्हतं. मी बघतच राहिलो. तेवढ्यात 'टिंग' असा आवाज झाला आणि पडद्यावर एक हिरवी चौकट उमटली.

मी विचारलं, "ते काय?"

"काही नाही काका. एआय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जिथे त्याला शंका येते तिथे चौकट काढतं. खरं काय ते मी बघायचं. हा बघा, बुडबुडा होता." त्यांनी पाण्याची पिचकारी मारली आणि बुडबुडा गेला, चौकटही गेली.

पुढे पुन्हा टिंग. "आणि हे?"

"टोमॅटोचं साल. काका, टोमॅटो खाऊ नका सांगितलं होतं ना?"

"सारातला होता," मी म्हटलं. "हे मशीन आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं आहे. दिसेल त्याच्यावर संशय."

मास्कमागे त्या हसल्या. मला हुरूप आला. कोणीतरी माझ्या बोलण्याला हसलं, याला किती दिवस झाले असतील? मी विचारलं, "तुम्ही अजून शिकताय ना?" म्हणजे वाईट अर्थाने नाही विचारलं.

"हो. सर शेजारच्या केबिनमध्ये आहेत. लागलं तर बोलावते."

"शिकवणारा मागे उभा नाही राहत?"

"हे मशीन बसवायच्या आधी राहायचे. खूप ओरडायचे. डोळे कुठे ठेवलेत, वळीच्या मागे कोण बघणार, तुझे काका?" एवढं बोलून त्यांना कळलं की पुढ्यात एक काकाच आडवा पडलाय. "सॉरी. आता ते म्हणतात, मशीन बघतंय ना तुझ्याबरोबर, मग मी कशाला." नळी थोडी मागे घेऊन त्यांनी पुन्हा पुढे सरकवली. "मशीन ओरडत नाही. चुकलं तरी नाही, आणि जमलं तरी काही म्हणत नाही. मग मीच स्वतःशी सरांसारखी ओरडते. वळीच्या मागे बघ, संघप्रिया. चौकट आली नाही म्हणून पुढे जाऊ नकोस."

त्या नांदेडकडच्या. नवघरला एका मुलीबरोबर खोली घेतली होती, पण त्या मुलीला रात्रपाळी, त्यामुळे दोघींची भेट फक्त फ्रिजमधल्या डब्यांवरून व्हायची. कोणी काय खाल्लं ते कळायचं. हे सगळं त्यांनी मला नळी चालवता चालवता सांगितलं, बहुतेक मला दुखू नये म्हणून बोलतं ठेवत होत्या. म्हटलं, वा. दोन एकटी माणसं, एक मशीन, आणि मधे माझं आतडं. गप्पा मारायला माणसं कुठे कुठे भेटतात.

वळणावर मात्र कळ आली. पोट आतून कोणी फुगा फुगवावा तसं ताणलं. मी दात आवळले. सिस्टरांनी माझ्या पोटावर तळहात दाबून धरला आणि दुसरा हात खांद्यावर ठेवला. "जोर नका लावू काका. अंग सोडा. मी धरलंय ना, सोडा." मी अंग सोडलं. सुलू गेल्यापासून मला कोणी असा हात लावला नव्हता. न्हावी सोडला तर कोणी हातच लावला नव्हता. सांगायला लाज वाटते, पण मला तिथे, त्या उघड्या झग्यात, फार बरं वाटलं. दोन बायामाणसं आणि एक मशीन, तिघंही डोळ्यांत तेल घालून माझ्याकडे बघत होती. ही तपासणी लवकर संपू नये असं वाटणारा मी त्या खोलीतला पहिलाच पेशंट असेन.

"झालं काका, शेवटपर्यंत आलोच," डॉक्टर म्हणाल्या. आणि टिंग झालं.

ही चौकट हलली नाही. आधीच्या यायच्या, फडफडायच्या, जायच्या. ही आली आणि बसली. आत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी होतं, कडेने लाल झिरपत होतं. डॉक्टरांनी पाणी मारलं. चौकट तिथेच. नळी या बाजूने नेली, त्या बाजूने नेली. चौकट सोबत गेली, पुन्हा त्यावरच बसली.

"बुडबुडा?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा पाणी मारलं. नंतर म्हणाल्या, "काका, जरा शांत पडा हं." मघाची नांदेडची मुलगी त्या आवाजात नव्हती. "सिस्टर, सरांना बोलवा."

सर आले, डॉक्टर अभिनव. दारातूनच पडदा बघितला, चौकटीकडे बोट केलं, आणि इंग्रजीत म्हणाले, लुक्स बॅड, सहा तुकडे घे, शाईची खूण कर. एवढं इंग्रजी स्टीलच्या कारखान्यातही कळतं. मग वाकून माझ्या दंडावर थाप मारली आणि मराठीत म्हणाले, "काका, टेन्शन नाही. थोडी सूज आहे. तुकडा तपासायला पाठवतोय, रुटीन असतं." जाता जाता डॉक्टर संघप्रियांना म्हणाले, "रिलेटिव्हशी तू बोल. बाहेर घेऊन. मला ओपीडी आहे."

सूज. हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा. सुलूच्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर जिन्यापाशी नेऊन खरं काय ते सांगितलं होतं, आणि आत जाऊन मी तिला म्हटलं होतं, थोडी सूज आहे. आपल्याकडे असंच असतं. खरं ऐकायला घरचा माणूस, आणि पेशंटला सूज. सुलूने ते मानलं, की मानल्यासारखं केलं, कोण जाणे. पण तिच्यासमोर टीव्ही नव्हता. मला सूज सांगायला त्यांना उशीर झाला होता, मशीनने आधीच सांगून टाकलं होतं. त्या बिचाऱ्याला ही रीत कोणी शिकवली नसणार. पेशंट जागा आहे का, शेजारी कोण उभं आहे, काही न बघता त्याने जे दिसलं त्याला चौकट घातली.

नळी परत बाहेर येताना आणखी दोनदा टिंग झालं. कशाचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कपडे घालून मी बाहेरच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. जायला मोकळा होतो, इंजेक्शन न घेतलेल्याला कोण अडवतं. पण उठवेना. थोड्या वेळाने सिस्टरांनी दारातून हाक मारली, "शिवलकरांबरोबर कोण आलंय?" कोणी उठलं नाही. त्यांनी हिंदीत विचारलं, "उदय शिवलकर के साथ कौन है?" लोक एकमेकांकडे बघायला लागले. अशा वेळी कोणी उठलं नाही की सगळ्यांनाच चुकल्यासारखं होतं. मग डॉक्टर संघप्रिया स्वतः बाहेर आल्या. मला बघून थबकल्या.

"काका, साईराज आले का?"

"साईराज नाहीये," मी म्हटलं.

"अजून काशिमीऱ्यालाच?"

"मॅडम, साईराज नाहीच आहे. बॅनरवर आहे."

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा भडकल्या. "काका, आम्ही इंजेक्शन दिलं असतं आणि बाहेर चक्कर येऊन पडला असतात म्हणजे? कोणाला फोन केला असता आम्ही?" चारचौघांत त्यांनी मला चांगलं झापलं. खरं सांगतो, गोड वाटलं. मग त्या हातातला पेन उघडत मिटत उभ्या राहिल्या. "मला नातेवाईकांशी बोलायला सांगितलंय."

"काय ते मला माहितीये. ती चौकट हलली नाही तेव्हाच कळलं."

"मग मी आता काय सांगू?"

"तिने नुसतं दाखवलं. सांगितलं नाही कोणी."

त्यांनी मला शेजारच्या छोट्या खोलीत नेलं. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पोटाचं चित्र. आम्ही बसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते येऊ नये म्हणून त्या भिंतीवरच्या चित्राकडे बघत होत्या. "मी अजून एकटीने कधी कोणाला सांगितलं नाहीये," त्या म्हणाल्या. "सर सांगायचे, मी बाजूला उभी असायचे. आणि तेही नातेवाईकांना. पेशंटच्या तोंडावर कसं..."

मला तिची दया आली. म्हटलं तर दया माझी यायला हवी होती, पण आली तिची. लेकीच्या वयाची पोर, समोर पडलेलं काम आणि मागे ओरडायलाही कोणी नाही.

"असं करा," मी म्हटलं. "मी शिवलकरांबरोबर आलोय असं समजा. पेशंट आत झोपलाय. तुम्हाला जसं येतं तसं सांगा."

"काका, असं कसं..."

"बसलोय ना मी. सांगा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पाठ ताठ केली. "तुम्ही पेशंटचे कोण?"

आता याला काय उत्तर द्यायचं? "जवळचाच," मी म्हटलं.

"बरं. बघा, शिवलकरांच्या मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला एक गाठ आहे. आम्ही तुकडे घेतलेत. रिपोर्ट येईपर्यंत नक्की नाव घेता येणार नाही, पण..." त्यांनी पेन मिटून टेबलावर ठेवला. "पण मला ती चांगली वाटत नाही. बहुतेक कॅन्सर असेल. स्कॅन करून ती कुठवर पसरलीय ते बघू. ऑपरेशन लागेल."

मशीनने तर कधीच दाखवलं होतं, तरी माणसाच्या तोंडून ऐकताना ते पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं. पण मी पेशंट नव्हतो. पेशंट आत झोपला होता. त्यामुळे मला विचारता आलं, "जगेल ना तो?"

"आतड्याच्या बाहेर गेली नसेल तर ऑपरेशनने पूर्ण बरे होतात लोक. खोटं सांगत नाही. स्कॅनआधी याहून जास्त सांगितलं तर मात्र खोटं होईल."

"घाबरट आहे हो तो. वरवर बडबड करतो, जोक मारतो. आतून घाबरट आहे."

"दिसलं मला," त्या म्हणाल्या. "पण सगळी तपासणी इंजेक्शनशिवाय काढली त्यांनी. एवढे काही घाबरट नाहीत."

हे कोणी माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे बोलावं तसं ऐकलं. पाठीमागे कोणी चांगलं बोलत असेल हे मी धरूनच चाललो नव्हतो. मी रुमाल काढून नाक पुसलं. विचारलं, "त्याला केव्हा सांगू?"

"तुम्हाला बरं वाटेल तेव्हा. पण लपवू नका. आधी काहीतरी खाऊ घाला. मऊ भात, ताक, तिखट नको. पोट आज दुखेल, गॅस होईल, त्याला घाबरू नका. सोमवारी स्कॅनला घेऊन या." आता त्यांना लय सापडली होती. सरांच्या बाजूला उभं राहून शेकडो वेळा ऐकलेलं एकामागून एक येत होतं, आणि त्या ओघात त्या म्हणाल्या, "आणि आज रात्री त्यांना एकटं ठेवू नका."

म्हणून झालं आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

बाहेर सिस्टर पुढच्या पेशंटच्या माणसाला हाक मारत होत्या, आणि कोणीतरी 'हां जी, मैं, मैं' म्हणत धावत आलं.

"नाही ठेवणार," मी म्हटलं. "मी आहे ना. मी कुठे जातोय त्याला सोडून."